खरूज किती आहे हे मोजायचं कसं: पहिल्यांदा सर्वेक्षणाला निघणाऱ्यांसाठी

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या वस्तीत खरूज किती जणांना आहे, असं विचारलं की उत्तर टक्क्यांत द्यावं लागतं. सगळ्या गावाला औषध द्यायचं की फक्त रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना, हे त्या टक्क्यावरून ठरतं. जगभरातल्या सर्वेक्षणांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खरजेचं प्रमाण ०.२ टक्क्यांपासून ७१.४ टक्क्यांपर्यंत पसरलेलं होतं. यातला बराचसा फरक खरा आहे, पॅसिफिक बेटांवर खरूज खरोखरच फार आहे. पण उरलेला फरक मोजणाऱ्यांमुळे पडतो. कुणी शाळेतली मुलंच तपासली, कुणी अंगभर पाहिलं, कुणी फक्त हात पाहिले, कुणी खाज आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाला रुग्ण धरलं.

मी अशा सर्वेक्षणांमध्ये काम केलं आहे. नव्या माणसाचा गोंधळ गावात पोचल्यावर होतो असं वाटतं, पण त्याचं मूळ आधीच्या आठवड्यांत असतं, कारण दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आलेली नसतात: खरूज कोणाला म्हणायचं, आणि कोणाकोणाला पाहायचं. हा लेख मुख्यतः या दोन प्रश्नांवर आहे. बाकीच्या पायऱ्या त्यांच्यामागून येतात.

१. आकडा कशासाठी हवा आहे, ते आधी लिहा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरूज दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतली. कोणत्याही एका वेळी जगात किमान २० कोटी लोकांना खरूज असते, असा त्यांचा अंदाज आहे. २०१९ मध्ये मनिला इथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत खरूज नियंत्रणाची चौकट मांडली गेली. ढोबळ मानाने ती अशी: वस्तीतलं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर सगळ्यांना औषध द्यावं; वर्षातून एक फेरी, अशा तीन ते पाच फेऱ्या कराव्यात; प्रमाण २ टक्क्यांच्या खाली गेलं की थांबण्याचा विचार करावा.

म्हणजे तुमचं सर्वेक्षण तीनपैकी एका कामासाठी असणार: सुरुवात करायची की नाही हे ठरवण्यासाठी, फेऱ्यांनंतर किती फरक पडला हे पाहण्यासाठी, किंवा थांबायची वेळ आली का हे तपासण्यासाठी. तिन्हींची गरज वेगळी आहे. वस्तीत १० टक्क्यांच्या वर आहे का, एवढंच हवं असेल तर अंगभर तपासणीचा हट्ट नको. २ टक्क्यांच्या खाली गेलं का हे पाहायचं असेल, तर मात्र तपासनीस फार तयारीचे लागतात. का, ते आठव्या पायरीत आकड्यांसह येईल.

२. खरूज कोणाला म्हणायचं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

खरजेचा किडा, म्हणजे सार्कोप्टिस स्केबिआय, डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बीळ करत पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. नेहमीच्या खरजेत एका माणसाच्या अंगावर साधारण १० ते १५ किडेच असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर खरजेचे प्रयोग केले आणि रुग्णांच्या अंगावरच्या माद्या मोजल्या. त्यांची सरासरीही अशीच, ११ च्या आसपास निघाली होती. कवचाची खरूज, म्हणजे जिच्यात कातडीवर जाड खपल्या येतात ती, हा अपवाद, तिच्यात हजारो ते लाखो किडे असतात.

अंगभर पुरळ आणि किडे मात्र दहा-पंधरा, याचा सर्वेक्षणाशी थेट संबंध आहे. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि काहीच सापडलं नाही, तरी खरूज नाही असं म्हणता येत नाही. म्हणून खरवडून पाहणं हा वस्तीतलं प्रमाण मोजायचा मार्ग होऊ शकत नाही. डोळ्यांनी पाहून आणि प्रश्न विचारून निदान करावं लागतं, आणि असं निदान माणसागणिक बदलतं. ते बदलू नये यासाठी खरूज नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय आघाडीने निदानाचे निकष ठरवले, ते २०२० मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. तुमच्या सर्वेक्षणात हेच वापरा, स्वतःचे बनवू नका. त्यांचे तीन स्तर आहेत:

अ, पक्की खरूज: किडा, अंडी किंवा विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली अथवा जास्त शक्तीच्या प्रतिमायंत्रात दिसली, किंवा डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या हातातल्या भिंगातून, किडा दिसला.

ब, लक्षणांवरून ठरलेली खरूज: बिळं दिसली, किंवा पुरुषाच्या जननेंद्रियावर खरजेचे नेहमीचे फोड दिसले, किंवा नेहमीच्या जागी नेहमीचे फोड आहेत आणि विचारपूस करताना दोन्ही गोष्टी (कोणत्या, ते खाली) मिळाल्या.

क, संशयित खरूज: नेहमीच्या जागी नेहमीचे फोड आहेत पण दोन्हींपैकी एकच गोष्ट मिळाली, किंवा फोड अथवा त्यांच्या जागा नेहमीसारख्या नाहीत पण दोन्ही गोष्टी मिळाल्या.

या दोन गोष्टी म्हणजे खाज, आणि जवळचा संपर्क. संपर्क म्हणजे खाज असलेल्या किंवा तसेच फोड असलेल्या माणसाच्या निकट सहवासात राहणं. ब आणि क या स्तरांना आणखी एक अट आहे, जी घाईत विसरली जाते: दुसरं काही असण्यापेक्षा खरूज असण्याची शक्यता जास्त वाटली पाहिजे. डासांचे आणि इतर किड्यांचे चावे, नायटा, इसब, पिकलेले फोड हे सगळं उष्ण हवेत त्याच वस्तीत, कधी त्याच मुलाच्या पायावर असतं.

सापळा: तपासणीच्या अर्जावर 'खरूज आहे का? हो / नाही' असा एकच चौकोन ठेवणं. तपासनीसाला दिसलं ते वेगळं लिहू द्या: कोणत्या जागी फोड, कसे फोड, बीळ दिसलं का, खाज आहे का, घरात आणखी कोणाला खाज आहे का. स्तर नंतर संगणकाने काढावा. असं केलं तर पुढच्या वर्षी कुणी निकषांवर शंका घेतली तरी तुमच्या हातात मूळ निरीक्षणं असतात. नुसता 'हो' असेल तर त्याचं काहीच करता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी होऊन गेलेली असेल तर एक ते चार दिवसांतच सुटते. त्यामुळे आज अंगावर काही नसलेला माणूस किडा बाळगत असू शकतो. तुमचा आकडा लक्षणं असलेल्या खरजेचा आहे, हे अहवालात स्पष्ट लिहा.

३. कोणाला पाहायचं

शाळेत जाऊन मुलं तपासणं सोपं आहे: एका छताखाली शेकडो जण मिळतात आणि यादी तयार असते. पण लहान मुलांत खरूज मोठ्यांपेक्षा जास्त असते, त्यामुळे शाळेतला टक्का म्हणजे गावाचा टक्का नव्हे. शाळेत न जाणारी मुलं सुटतात, त्यांच्यात प्रमाण वेगळं असू शकतं. कुठे काम सुरू करावं याची चाहूल घ्यायला शाळा ठीक आहे, वस्तीचा आकडा सांगायला नाही. दवाखान्याच्या नोंदवहीतून प्रमाण काढणं त्याहून वाईट, कारण खाजेसाठी दवाखान्यात येणारे थोडेच असतात.

वस्तीचा आकडा हवा असेल तर घरोघरी जावं लागतं आणि घरं चिठ्ठी काढून निवडावी लागतात. नेहमीची पद्धत दोन टप्प्यांची: आधी गावांच्या यादीतून लोकसंख्येच्या प्रमाणात संधी देऊन गावं निवडायची, मग प्रत्येक गावातून घरं.

किती माणसं लागतील? समजा अंदाजे प्रमाण १० टक्के आहे आणि उत्तर तीन टक्के इकडेतिकडे चालेल, म्हणजे ७ ते १३ मध्ये. साधं सूत्र असं: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.१०, गुणिले ०.९०, भागिले ०.०३ चा वर्ग. उत्तर ३८४ येतं. इथेच थांबणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं सर्वेक्षण तिथेच फसतं.

हे सूत्र प्रत्येक माणूस सुटा निवडला आहे असं धरतं. खरूज मात्र एका घरात, एका अंथरुणावर, एका वाडीत एकत्र असते. एका घरात एक रुग्ण असला की दुसरा असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे एका गावातली २५ माणसं २५ सुट्या माणसांइतकी माहिती देत नाहीत. याची भरपाई डिझाइन इफेक्टने करतात: एक अधिक (एका गावातली माणसं वजा एक) गुणिले एका गावातल्या माणसांच्या सारखेपणाचा गुणांक. हा गुणांक ०.१ धरला आणि गावागणिक २५ माणसं घेतली, तर डिझाइन इफेक्ट ३.४ येतो, म्हणजे ३८४ ऐवजी सुमारे १३०० माणसं. गावागणिक ५० घेतली तर तो ५.९ होतो आणि सुमारे २२७० माणसं लागतात. थोड्या गावांत जास्त माणसं पाहणं स्वस्त वाटतं, पण तेवढ्याच खात्रीसाठी एकूण काम जवळजवळ दुप्पट होतं. जमेल तेवढी जास्त गावं घ्या आणि प्रत्येकातून कमी माणसं, हा माझा ठाम सल्ला आहे. हे झाल्यावर न भेटणाऱ्यांसाठी वाढ करा: दहा टक्के भेटणार नाहीत असं धरलं तर १३०० ला ०.९ ने भागा, सुमारे १४५० येतात.

गुणांक कुठून आणायचा? जवळपासच्या, तशाच वस्तीतल्या जुन्या सर्वेक्षणातून. नसेल तर जास्तच धरा.

घरं निवडताना गावाच्या मधोमध उभं राहून पेन फिरवायची आणि त्याच्या टोकाच्या दिशेला चालत सुटायचं, ही पद्धत अजूनही चालते. ती टाळा. तिच्यात रस्त्याकडेची आणि मध्यभागातली घरं जास्त येतात, आणि खरूज बहुधा काठावरच्या, दाट झोपड्यांत असते. घरांची यादी किंवा नकाशा करून त्यातून चिठ्ठ्या काढा. एक दिवस जास्त जातो, पण तो वाया जात नाही.

'घर' म्हणजे काय तेही ठरवा. कालची रात्र या छताखाली झोपलेली सगळी माणसं, ही व्याख्या खरजेला योग्य, कारण खरूज झोपण्याच्या जवळिकीतून पसरते. आणि दिवसा घरी असणाऱ्यांवर समाधान मानू नका. दिवसा बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात. कामावर गेलेले पुरुष आणि शाळेतली मुलं नसतात. संध्याकाळी एकदा परत या. तरीही न भेटलेल्या प्रत्येकाचं वय आणि लिंग नोंदवा, शेवटी तोच तुमचा आधार असतो.

४. अंगाचा किती भाग पाहायचा

पूर्ण अंग पाहणं सगळ्यात चांगलं, पण त्याला आडोसा, वेळ आणि लोकांची तयारी लागते. फिजी आणि सॉलोमन बेटांवरच्या सर्वेक्षणांच्या माहितीवरून संशोधकांनी पाहिलं की हातपाय नीट तपासले तरी बहुतेक रुग्ण सापडतात, अंगभर तपासणीत सापडणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के. म्हणून मोठ्या प्रमाणावर चाळणी लावताना हातपाय पुरेसे मानता येतात. लहान बाळांना हा नियम लावू नका, त्यांच्यात डोकं, चेहरा, तळहात आणि तळपायावरही फोड येतात, बाळ पूर्ण पाहायचं.

जननेंद्रियाची तपासणी घरोघरच्या सर्वेक्षणात करू नये, असं माझं मत आहे. निकषांत ती आहे, पण अशा तपासणीची बातमी पहिल्याच घरातून गावभर जाते आणि पुढची दारं बंद होतात. तिथे खाज किंवा फोड आहेत का हे विचारा, आणि स्वतः दाखवायची इच्छा असेल तरच, आडोशाला, त्याच लिंगाच्या तपासनीसाने पाहावं.

क्रम प्रत्येकाचा एकच असू द्या: बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरं, काखा, बेंबी आणि कंबर, कुल्ले, मांड्या, गुडघे, घोटे, पावलं. क्रम ठरलेला असला की थकल्यावरही जागा सुटत नाही. तपासणी दिवसाच्या उजेडात करा. काळ्यासावळ्या कातडीवर लालसरपणा जवळजवळ दिसत नाही. तिथे फोडांचा उंचवटा, खाजवल्याच्या रेषा आणि जुने काळसर डाग पाहायला शिकावं लागतं. उष्ण हवेत बिळं तशीही क्वचितच दिसतात. बीळ दिसलं नाही म्हणून खरूज नाही असं म्हणणारा तपासनीस तुमचा आकडा निम्म्यावर आणेल.

५. कागदपत्रं आणि सामान

निघण्याआधी हे हातात हवं:

- नैतिकता समितीची लेखी मंजुरी आणि आरोग्य खात्याचं पत्र
- गावाच्या प्रमुखांची संमती. ती आधी जाऊन, समोरासमोर घ्यायची
- प्रत्येक प्रौढाचा संमतीअर्ज, मुलांसाठी पालकाची संमती, आणि जरा मोठ्या मुलाचा स्वतःचा होकार
- स्थानिक भाषेतलं माहितीपत्रक, वाचून दाखवता येईल इतकं छोटं
- तपासणीचा अर्ज, शक्यतो मोबाइलवर. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही मोफत साधनं इंटरनेट नसतानाही चालतात
- त्याच अर्जाच्या कागदी प्रती, बॅटरी संपते म्हणून
- फोडांची आणि जागांची छापील चित्रं, स्थानिक कातडीच्या रंगाची
- भिंग, चांगला टॉर्च, जमल्यास डर्मोस्कोप
- आडोशासाठी पडदा आणि दोऱ्या
- वजनकाटा आणि उंचीची पट्टी, औषधाच्या मात्रेसाठी
- हात धुण्याचं सामान आणि हातमोजे
- औषधं, आणि पुढे पाठवायच्या रुग्णांसाठी चिठ्ठ्या

फोटो घ्यायचे असतील तर त्याची संमती वेगळी घ्या. चेहरा येऊ देऊ नका, आणि फोटो तपासनीसाच्या स्वतःच्या फोनमध्ये राहू देऊ नका.

६. तपासनीस तयार करणं

त्वचारोगतज्ज्ञ प्रत्येक गावात नेता येत नाही. परिचारिका आणि गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी हे काम करू शकतात, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. पण थोडक्या प्रशिक्षणावर आलेल्या माणसाकडून सौम्य खरूज जास्त सुटते, ठसठशीत रुग्ण सहसा सुटत नाही. म्हणून प्रशिक्षणाचा बराचसा वेळ सौम्य रुग्णांवर आणि खरजेसारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टींवर घालवा. वर्गातल्या चित्रांवर भागत नाही. खऱ्या माणसांवर, सर्वेक्षणात नसलेल्या गावात सराव करा.

सरावाच्या शेवटी तीच माणसं तज्ज्ञ आणि प्रत्येक तपासनीस यांनी एकमेकांना न विचारता पाहायची आणि निकाल ताडायचे. ताडताना नुसती सहमतीची टक्केवारी पुरत नाही, कारण रुग्ण कमी असले की सगळ्यांना 'नाही' म्हणूनही ती भरपूर निघते. कप्पा गुणांक, म्हणजे योगायोगाने जुळलेली उत्तरं वगळून उरलेल्या सहमतीचं माप, काढा, आणि शिवाय कोण किती रुग्ण सोडतो आणि कोण निरोग्यांना रुग्ण ठरवतो, ते वेगवेगळं पाहा. दुसरा आकडा लोक विसरतात, आणि तोच शेवटी महाग पडतो.

काम चालू असतानाही काही घरांत दुसऱ्या तपासनीसाकडून पुन्हा तपासणी करून घ्या. पहिल्या आठवड्यातली आणि शेवटच्या आठवड्यातली नजर एकसारखी राहत नाही.

७. गावातलं काम, आणि औषध

तपासणीत प्रत्येकासाठी तीव्रताही लिहा. पॅसिफिकमध्ये रूढ असलेली वर्गवारी सोपी आहे: १० किंवा कमी फोड म्हणजे सौम्य, ११ ते ४९ मध्यम, ५० किंवा जास्त तीव्र. पिकलेल्या फोडांची नोंद वेगळ्या रकान्यात घ्या. खाजवलेल्या कातडीतून स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस हे जिवाणू आत जातात. स्ट्रेप्टोकोकसमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. फिजीमध्ये सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे खरजेवरचं पोटात घ्यायचं औषध दिल्यावर खरजेबरोबर पिकलेले फोडही उतरले. ही माहिती नोंदलेली होती म्हणूनच कळलं.

खरूज सापडली आणि औषध दिलं नाही, असं सर्वेक्षण करू नका. हे मी नियमापलीकडे मानतो. ज्याला तुम्ही रात्री किती झोप लागते असं विचारलंत, त्याला खाज घेऊन तसंच ठेवून पुढच्या दाराशी जाणं चूक आहे. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून खाली अंगभर लावून रात्रभर ठेवायचं आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा लावायचं. बाळांना डोक्यालाही लावतात. आयव्हरमेक्टिन दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, सात ते चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा. ते अंडी मारत नाही म्हणून दुसरी मात्रा चुकवून चालत नाही. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ते देत नाहीत. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ हा परजीवी कृमी आहे तिथे आयव्हरमेक्टिनमुळे गंभीर त्रास होऊ शकतो. तिथे काम असेल तर स्थानिक कार्यक्रमाला विचारल्याशिवाय हात लावू नका. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध हवं, खाज असो वा नसो.

जाड खपल्यांची, कवचासारखी कातडी दिसली तर तो रुग्ण लगेच पुढे पाठवा. त्याच्या एकट्याकडून सगळ्या वाडीत पुन्हा खरूज येऊ शकते.

८. आकडेमोड

तपासलेल्यांपैकी किती टक्के, हा पहिला आकडा. तो अंतिम नव्हे. २००७ मध्ये फिजीत झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०,८८७ माणसं तपासली गेली आणि २३.६ टक्क्यांना खरूज सापडली. जनगणनेतल्या वयाच्या आणि ठिकाणांच्या प्रमाणात बसवल्यावर देशाचा अंदाज १८.५ टक्के झाला. हा पाच टक्क्यांचा फरक नुसत्या असं बसवण्यामुळे. तुमच्या नमुन्यात मुलं जास्त आली असतील तर तुमचाही आकडा असाच फुगलेला असेल.

मग टक्क्याच्या दोन्ही बाजूंची मर्यादा काढताना गावं हे गट म्हणून धरा. आर या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालीतलं सर्व्हे पॅकेज किंवा स्टाटा या तशाच प्रणालीतल्या सर्वेक्षणाच्या आज्ञा हे काम करतात. साध्या सूत्राने काढलेली मर्यादा खोटी अरुंद येते.

आता तपासनीसांच्या नजरेचा हिशेब. समजा तुमचा तपासनीस १०० रुग्णांपैकी ८० ओळखतो, आणि १०० निरोग्यांपैकी ५ जणांना चुकून रुग्ण म्हणतो. वस्तीत खरं प्रमाण ३० टक्के असेल तर त्याला २७.५ टक्के सापडतील. फार बिघडलं नाही. खरं प्रमाण २ टक्के असेल तर त्याला ६.५ टक्के सापडतील: खऱ्यांतले १.६ आणि निरोग्यांतले ४.९. औषधाच्या फेऱ्या यशस्वी झालेल्या असतानाही कागदावर त्या अपयशी दिसतील. थांबायच्या सर्वेक्षणाला तयारीचा तपासनीस लागतो तो यासाठी. सहाव्या पायरीत काढलेले दोन आकडे हातात असतील तर दुरुस्ती करता येते: सापडलेलं प्रमाण अधिक विशिष्टता वजा एक, आणि या सगळ्याला संवेदनक्षमता अधिक विशिष्टता वजा एक याने भागायचं. संवेदनक्षमता म्हणजे रुग्णांपैकी किती ओळखले (इथे ०.८०), विशिष्टता म्हणजे निरोग्यांपैकी किती जणांना निरोगीच म्हटलं (इथे ०.९५). वरच्या उदाहरणात ०.०१५ भागिले ०.७५, म्हणजे बरोबर २ टक्के.

निकाल देताना अ, ब आणि क स्तर वेगळे दाखवा, वयोगट वेगळे दाखवा, न भेटलेले किती तेही लिहा. नुसता एकच टक्का छापू नका.

९. पुन्हा मोजताना

औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, आणि जुने डाग त्याहून जास्त. म्हणून फेरीनंतर लगेच मोजायला जाऊ नका. फिजीतल्या चाचणीत मुख्य तुलना १२ महिन्यांनी केली गेली: आयव्हरमेक्टिन सगळ्यांना दिलं त्या गटात प्रमाण ३२.१ वरून १.९ टक्क्यांवर आलं, पर्मेथ्रिनच्या गटात ४१.७ वरून १५.८ वर, आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ३६.६ वरून १८.८ वर. या तिसऱ्या गटाकडे नीट पाहा. सगळ्यांना औषध न देताही तिथे प्रमाण निम्म्यावर आलं. तुलनेला गट नसेल तर आधी-नंतरच्या फरकातला किती भाग औषधाचा, हे सांगताना जपून बोला.

दुसरं सर्वेक्षण पहिल्यासारखंच असायला हवं: तोच ऋतू, तेच निकष, तोच तपासणीचा क्रम, अंगाचे तेच भाग, गावं निवडायची तीच रीत. पहिल्या वेळी अंगभर पाहिलं आणि दुसऱ्या वेळी फक्त हातपाय, तर प्रमाण आपोआप घटलेलं दिसेल. म्हणून अर्ज, प्रशिक्षणाची चित्रं, तपासनीसांचे पडताळणीचे आकडे आणि गावं कशी निवडली याची टिपणं आरोग्य खात्याकडे आणि तुमच्याकडे, अशी दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढच्या फेरीला बहुधा दुसरीच माणसं असतील, आणि त्यांना याच कागदांवर काम करावं लागेल.

निकाल गावातही परत न्या. आरोग्य खात्याला अहवाल गेला म्हणजे काम झालं असं नाही. ज्या वाडीने दारं उघडली तिला कळायला हवं की शंभरात किती जणांना खरूज निघाली, आता काय होणार, औषधाची दुसरी मात्रा कोणत्या दिवशी आणि कुठे मिळेल. कोणत्या घरात निघाली हे मात्र सभेत कधीही सांगू नका.